जामखेडच्या डॉक्टरांनी आधी पाणी दिलं

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य १९७० साली जामखेडला आलं. येशूच्या शिकवणीप्रमाणे गोरगरिबांची सेवा करायची, हे त्यांचं आधीच ठरलेलं. पण गावकऱ्यांना औषधापेक्षा पाण्याची आणि अन्नाची निकड. डॉक्टरांनी हट्ट धरला नाही. शेतकरी मंडळं काढली, दुष्काळात बोअर घेतले, पोरांच्या जेवणाची सोय केली.

हातपंप मात्र मुद्दाम दलित वस्तीत बसवले! पाणी पाहिजे तर सगळ्या गावानं तिथं यायचं. भाऊसाहेब, आपल्याकडं पंपाची जागा कोण ठरवतं, हे एकदा आठवून बघा.

पुढं शिकलेल्या नर्सबाईंचं गाव ऐकेना. मग गावानंच आपल्यातली एकेक बाई निवडली. बऱ्याच निरक्षर, कित्येक दलित. बाळंतपण, जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणं, सगळं त्या शिकल्या. कुणाच्या घरी चूल पेटली नाही हे त्यांना विचारावं लागत नसे, त्यांनी स्वतः ते भोगलेलं होतं. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये, डॉक्टर २०११ मध्ये गेले. जामखेडचं हे काम बघायला देशोदेशीचे डॉक्टर आले, तेव्हा त्यांना शिकवायला याच बाया उभ्या राहिल्या.