तीन मायक्रॉन

क्षेपणास्त्राला दिशा देणारे पंख तेलाच्या दाबावर वळवता येतात, हे ऐकल्यापासून त्या तेलावर ताबा ठेवणारा सर्वो व्हॉल्व्ह एकदा हातात घेऊन पाहायचा होता. पुण्यात कर्वेनगरातल्या एका गल्लीत अशा व्हॉल्व्हचं छोटं वर्कशॉप आहे. दारातच रॉकेल आणि हायड्रॉलिक तेलाचा वास येतो.

आयुष्यभर व्हॉल्व्ह डिझाइन केलेल्या काकांनी उभा कापलेला एक व्हॉल्व्ह दिला. "हा कारखान्यातल्या मशीनवरचा. पण जात तीच." वरच्या कॉइलमध्ये काही मिलिअँपिअर करंट आला, की दोन नोझलांमधली पट्टी किंचित कलते. एका बाजूचा दाब वाढतो, खालचा दट्ट्यासारखा स्पूल सरकतो आणि 200 बारचं तेल पंख वळवणाऱ्या सिलिंडरकडे धावतं. पट्टीला जोडलेली बारीक स्प्रिंग स्पूलच्या खाचेत बसते आणि पट्टीला परत मध्यावर ओढते.

"स्पूल आणि तो ज्यात सरकतो त्या स्लीव्हमधली फट किती? तीन मायक्रॉन," काका म्हणाले. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा.

"मग डिझाइन सुरू कुठून करता?"

"कचऱ्यापासून. तेलात काय येणार, ते आधी ठरवायचं. क्षेपणास्त्रातला व्हॉल्व्ह तर वर्षानुवर्षं कोठारात पडून राहतो आणि वेळ आली की पहिल्याच क्षणी हलावा लागतो."

बिल मूग यांनी 1951 साली अमेरिकेत कंपनी काढली, ती अशाच व्हॉल्व्हच्या जोरावर. 1987 साली सात देशांनी क्षेपणास्त्र तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर निर्बंध आणले. जोरदार कंपनांत टिकणारे सर्वो व्हॉल्व्ह आज त्या निर्बंधांच्या यादीत आहेत. आपलं 'पृथ्वी' क्षेपणास्त्र 25 फेब्रुवारी 1988 रोजी पहिल्यांदा उडालं, ते या निर्बंधांच्या काळात.

वर्कशॉपमध्ये माझी नजर मात्र पुन्हापुन्हा मायक्रोस्कोपवर वाकलेल्या मुलीकडे जात होती. ती जवळच्याच मुलींच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेली. तिचं काम म्हणजे स्पूलच्या कडेला राहिलेली धातूची बारीक कूस, म्हणजे बर, काढायची, पण धार बोथट होऊ द्यायची नाही. पुसायचं, पाहायचं, पुन्हा घासून लॅपिंग करायचं. शेवटी तिनं स्लीव्ह तिरका धरला. स्पूल आपल्याच वजनानं, न अडखळता आत उतरला. "बसला," ती हलकेच म्हणाली.

एका स्लीव्हचा स्पूल दुसऱ्यात चालत नाही, म्हणून तिनं दोन्हींवर एकच नंबर कोरला. यादीत घालून व्हॉल्व्ह अडवता येतो. तीन मायक्रॉनला सरावलेला हात मात्र आपल्याला इथेच घडवावा लागतो.