संगणक अडला? घाबरू नका, कारण शोधा!



आमच्या घरी एक जुना संगणक आहे. एका कचेरीने मोडीत काढलेला, आम्ही तो हप्त्याने घेतला. मुलीचा अभ्यास, वस्तीतल्या लोकांचे अर्ज, निवेदने, सारे त्याच्यावरच चालते. मार्चच्या उन्हात तो दगा देऊ लागला. मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरत होती. उत्पन्नाचा दाखला जोडला आणि पडदा गोठला. माउस हलेना, अक्षर उमटेना. बंद करून सुरू केला, तरी तेच. तिसऱ्यांदा तर निळा पडदा आला आणि यंत्र आपोआप बंद होऊन चालू झाले. अर्जाची मुदत पाच दिवसांवर आलेली!

दुरुस्तीच्या दुकानात नेला. तेथील गृहस्थांनी बटण दाबून पाहिले आणि निकाल दिला, "मदरबोर्ड गेला. सात हजार लागतील." आम्ही मान डोलावली. साहेबासमोर, डॉक्टरसमोर जशी डोलावतो तशीच. घरी येताना मुलगी म्हणाली, "पप्पा, त्यांनी पेटी उघडून तरी कुठे पाहिली?"

आम्ही वरमलो. दर रविवारी विहारात आम्ही कालाम सुत्तावर बोलतो. कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, ही तथागतांची शिकवण लोकांना समजावतो आणि स्वतः मात्र एका वाक्याला सात हजार द्यायला निघालो होतो!

त्या रात्री आम्ही पहिले काम केले ते कागदपत्रे वाचवण्याचे. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका, घरचे फोटो, सारे पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले. बंधू-भगिनींनो, यंत्र पुन्हा मिळेल, पण ही कागदपत्रे पुन्हा काढायला किती चकरा माराव्या लागतात ते आपणच जाणतो. म्हणून दुरुस्तीआधी नक्कल, हा नियम पाळा.

दुसरे काम वहीचे. आमचा जन्म हिशेबात गेला, म्हणून वहीत रकाने पाडले. किती वाजता सुरू केला, किती मिनिटांनी अडला, तेव्हा काय चालू होते. दोन दिवसांत चित्र दिसू लागले. पहाटे यंत्र पाऊण तास चाले, दुपारी वीस मिनिटांत अडे. म्हणजे रोग उष्णतेचा असावा! मुलीने पहाटे पाच वाजता उठून, टप्प्याटप्प्याने जतन करीत अर्ज पूर्ण केला. मुदतीत गेला.

मग पेटी उघडली. उघडण्याआधी वायर भिंतीतून काढावी, चालू करायचे बटण काही क्षण दाबून धरावे, पेटीच्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला एसएमपीएस म्हणतात, तो मात्र कधीही उघडू नये. वायर काढली तरी त्यात वीज साठून राहते. आत पाहतो तो पंख्यावर धुळीची गादी! प्रोसेसर तापला की तो आधी आपला वेग कमी करतो आणि फारच तापला तर यंत्र बंद पडते. पंख्याचे पाते बोटाने धरून मऊ, कोरड्या ब्रशने धूळ काढली. पंखा उतरवून प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसली आणि नवी लावली. गोठणे थांबले.

पण निळा पडदा अधूनमधून येतच राहिला. एक दोष गेला म्हणजे सारे दोष गेले, असे नसते. विंडोजच्या स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' असे टाईप केले की एक तक्ता उघडतो. कोणत्या दिवशी काय कोसळले, ते लाल फुलीने दिसते. तिथे दर वेळी निराळ्याच प्रोग्रामचे नाव होते. एकच नाव वारंवार दिसले असते तर तो प्रोग्राम काढून पुन्हा टाकला असता. नावे बदलती होती, म्हणून संशय मेमरीवर गेला. रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. एकेक काढून, दोन-दोन दिवस यंत्र चालवले. एका पट्टीवर ते कोसळे, दुसरीवर नाही. दोषी सापडली! जुन्या बाजारात तशीच पट्टी मिळाली. सारा खर्च हजाराच्या आत आटोपला.

प्रत्येक घरात हेच कारण असेल असे नाही. हार्ड डिस्कमधून टिकटिक आवाज येत असेल आणि फाईल उघडायला फार वेळ लागत असेल, तर आधी नक्कल घ्या, डिस्क जाण्याच्या वाटेवर असू शकते. दर वेळी तारीख-वेळ चुकत असेल तर आतला नाण्याएवढा सेल संपलेला असतो. नवा प्रोग्राम टाकल्यापासूनच त्रास असेल तर तो काढून पाहा. आणि एका वेळी एकच बदल करा, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, हेही जुन्या यंत्रवाल्यांनी ध्यानात ठेवावे.

सारेच दुरुस्तीवाले फसवतात, असे आमचे म्हणणे नाही. प्रामाणिक कारागिराला वही दाखवली तर त्याचेही काम सोपे होते. पण प्रश्न विचारण्याचा हक्क आपला आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला सांगितले गेले, हे तुमचे काम नव्हे, तुम्हाला कळणार नाही. आज यंत्रापुढेही तीच भीती मनात घर करून बसते. बाबासाहेबांनी आपल्याला पुस्तकाजवळ नेले, तर स्क्रू-ड्रायव्हरपासून दूर कशाला राहायचे?

आता आमच्या विहारात रविवारी वंदनेनंतर तासभर एक जुना संगणक उघडून ठेवतो. मुली पुढे बसतात. शिकवते ती आमची मुलगी, आणि आम्ही वही धरतो. आपल्या वस्तीतही असा तास सुरू करा. जयभीम!