सुतळी बॉम्ब आणि बदाम

दिवाळीची संध्याकाळ, वानवडीतली एखादी सोसायटी. खाली सुतळी बॉम्ब फुटतो. आपण दचकतो, पोरांना दोन शब्द सुनावतो आणि पुन्हा चकलीकडे वळतो. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त सुभेदार मात्र भिंतीला पाठ लावून उभे आहेत. छाती धडधडतेय, तळवे ओले. लढाई कधीच संपली, हे त्यांना ठाऊक नाही? चांगलं ठाऊक आहे. ठाऊक नाही ते त्यांच्या डोक्यातल्या बदामाला!

हो, बदामच. मेंदूतल्या 'अमिग्डला'चं नाव बदामासाठीच्या ग्रीक शब्दावरूनच पडलंय. कानशिलांच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना एकेक. धोका हुंगायचा आणि घंटा बडवायची, हे त्याचं मुख्य काम. फटाका की तोफ, हे आपल्याला उमजेपर्यंत अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरलेलंसुद्धा असतं. वाघ समोर आला तर यासारखं शहाणपण नाही.

मग बिनसतं कुठे? बदामाला खेटूनच एक कारकून बसतो, हिप्पोकॅम्पस. प्रत्येक आठवणीवर 'कधी, कुठे' असा शिक्का मारणारा. जिवावर बेतलेल्या क्षणी हा शिक्का नीट उमटत नाही, असं बऱ्याच संशोधकांना वाटतं. आता सांगा, जिच्यावर तारीखच नाही ती आठवण जुनी कशी होणार? ती आठवत नाही, पुन्हा घडते!

पहिल्या महायुद्धात याला 'शेल शॉक' म्हणत. 'पीटीएसडी', म्हणजे आघातानंतरचा ताणविकार, हे नाव अधिकृत झालं 1980 मध्ये, व्हिएतनाम युद्धानंतर. पण बदामाला गणवेश कळत नाही. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3:56. गणपती बोळवून झोपलेल्या किल्लारी गावावर भूकंपात दगडमातीच्या भिंती कोसळल्या. वाचलेल्यांतल्या कित्येकांना पुढे दगडी घराचीच धास्ती बसली. त्यापेक्षा त्यांना पत्र्याची तापणारी शेड बरी वाटे. या भूकंपग्रस्तांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्यांत पुण्याचे डॉ. मोहन आगाशे होते. तेच, 'घाशीराम कोतवाल' नाटकातले नाना फडणवीस!

उपचारात आठवण पुसत नाहीत, ती पुसली जातच नाही. सुरक्षित खोलीत, जाणकारासमोर, ती क्रमाने पुन्हापुन्हा सांगायची. हळूहळू कारकून राहिलेला शिक्का मारतो. 'हा फटाकाच आहे' असा नवा धडा जुन्या भीतीच्या वरताण बोलू लागतो.

घरात असं कुणी असेल तर 14416 फिरवा. सरकारची 'टेली मानस' सेवा मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही. आणि यंदा वात पेटवण्याआधी एकाला वर पाठवून सुभेदारांना सांगा. आधी कळलेल्या आवाजाला बदाम कमी दचकतो.