उत्तर ३५ आले कुठून?

५२ मधून २७ वजा करायला सांगितले की दुसरी-तिसरीतली बरीच मुले ३५ लिहितात. वहीत लाल फुली पडते, शेजारी बरोबर उत्तर येते, २५. हे ३५ आले कुठून, असे मात्र क्वचितच कोणी विचारते. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलाने सातातून दोन काढले. मोठ्यातून लहान वजा करायचे, हे त्याने वर्गात ऐकलेले असते आणि तो ते इमानेइतबारे पाळतो. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ मध्ये दाखवले की वजाबाकीतल्या अशा पुष्कळ चुका धांदरटपणाच्या नसतात. मूल एक चुकीची पण ठरलेली रीत चालवत असते. त्याला तसलीच आणखी वीस गणिते घातली, तर सराव त्या रीतीचाच होणार.

‘हातचा घे’ एवढ्याने भागत नाही ते यामुळेच. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवा. सात काढायच्या तर एक गठ्ठा सोडावा लागतो. मग उरतात चार गठ्ठे आणि बारा सुट्या. काड्या तेवढ्याच आहेत, मांडणी बदलली, हे ज्याला दिसले त्याला ३०० वजा १२८ मधली शून्येही अडवत नाहीत. ताळा पाहायचेही त्याला आपसूक सुचते: ३५ मध्ये २७ मिळवले तर ६२ होतात, ५२ नव्हे.

यावर नेहमीचे उत्तर असे की आधी रीत येऊ द्या, कारण मोठेपणी कळेल. कळते का? गणितशिक्षणाच्या अभ्यासक लिपिंग मा यांच्या १९९९ च्या पुस्तकात प्राथमिक शिक्षकांनाच पावणेदोन भागिले अर्धा याचे शाब्दिक उदाहरण रचायला सांगितले आहे. पावणेदोन लिटर दूध अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत भरले तर साडेतीन पिशव्या, इतके साधे. २३ अमेरिकी शिक्षकांपैकी अर्थाला धरून उदाहरण रचता आले एकाला. कित्येकांनी अर्ध्याने भागण्याऐवजी दोघांत वाटणी केली. चीनच्या ७२ शिक्षकांपैकी सुमारे नव्वद टक्क्यांना ते जमले.

वर्गात वेळ नसतो, ही अडचण खरी आहे. पाढे पाठच हवेत, हेही खरे; आठ सत्ते किती यावर अडलेले मूल पुढचा विचार करणार कसे? पण दहा गणितांऐवजी चारच दिली आणि ‘हे का केलेस?’ असे विचारले, तर वेळ फारसा वाढत नाही. विचारायचे मात्र मुलाला. शिक्षकाने फळ्यावर केलेले सुरेख स्पष्टीकरण मुले तेवढ्याच सुरेखपणे पाठ करून टाकतात.