औषध दिले एक, रक्तात निघाले दुसरेच
(जनावरांची औषधे : लेखांक ६)

तापाने फणफणलेली गाय वैरणीला तोंड लावत नाही. कास कडक झालेली. हात लावला की लाथ झाडते. गावात या आजाराला ‘दगडी’ म्हणतात. प्रतिजैविकाच्या जोडीला वेदनाशामक इंजेक्शन दिले जाते, गाय पुन्हा रवंथ करू लागते आणि गोठ्यातल्या माणसाचा जीव भांड्यात पडतो. गायीच्या यकृतात मात्र त्या औषधाची मोडतोड सुरू झालेली असते.

मागील लेखांकात सायटोक्रोम पी-४५० या विकरांच्या कुटुंबाची ओळख झाली. चरबीत विरघळणाऱ्या औषधाला हे विकर ऑक्सिजन जोडतात. मग ते लघवी किंवा पित्तावाटे बाहेर पडणे सोपे होते. हे काम माणसात, गायीत, शेळीत सारखेच चालते. पण कोणता विकर किती जोमाने काम करतो, हे जातीगणिक बदलते. अल्बेंडाझोलसारखे जंतनाशक शेळीच्या शरीरातून मेंढीपेक्षा लवकर निघून जाते. मेंढीच्या मापाने शेळीला डोस पाजला तर तो अपुरा पडतो, चिवट जंत तगतात आणि त्यांची पुढची पिढी औषधाला दाद देत नाही.

अॅसिक्लोफिनॅक या वेदनाशामकाची गोष्ट याहून गंभीर आहे.

हे औषध म्हणजे डायक्लोफिनॅकचेच रासायनिक भावंड. एका एस्टरबंधाचा काय तो फरक. माणसाच्या यकृतात सीवायपी-२सी९ हा विकर त्याला मुख्यतः हायड्रॉक्सी रूप देतो आणि डायक्लोफिनॅक थोडेच तयार होते. गायीत तसे घडत नाही. तिथे तो बंध भराभर तुटतो आणि इंजेक्शननंतर थोड्याच वेळात रक्तात डायक्लोफिनॅक फिरू लागते.

गायीला त्याने अपाय होत नाही. पण उपचारानंतर लगेच ती दगावली आणि मृतदेह उघड्यावर टाकला, तर त्यावर उतरणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे बंद पडतात. रक्तातले युरिक आम्ल साठत जाते. मेलेल्या गिधाडाचे विच्छेदन केले की यकृतावर, हृदयाच्या आवरणावर चुन्याची भुकटी भुरभुरावी तसा पांढरा थर दिसतो. पाकिस्तानातील गिधाडांच्या मृत्यूंचे हे कारण २००४ मध्ये जगापुढे आले. भारतात १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली.

भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. अॅसिक्लोफिनॅक मात्र दुकानात मिळत राहिले. गायीच्या शरीरात त्याचे डायक्लोफिनॅक होते, हे दाखवणारे संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, पुढे म्हशींतही तेच आढळले, आणि बंदी आली २०२३ मध्ये. संशोधन हाती असूनही गेलेली ही सात वर्षे परवडणारी नव्हती. जनावराच्या नव्या औषधाला परवानगी देण्यापूर्वी, यकृतातून गेल्यावर त्याचे काय होते हे तपासणे सक्तीचे हवे.

गिधाडांना सुरक्षित ठरलेले मेलॉक्सिकॅम बाजारात सहज मिळते. पशुपालकांनी डॉक्टरांकडे तेच मागावे आणि माणसांसाठीची डायक्लोफिनॅकची इंजेक्शने गोठ्यात अजिबात आणू नयेत.