आभाळातून कॅमेरा पडला तर?

परवा शेगावला गच्चीवर आकाशकंदील बांधीत होतो. तेवढ्यात डोक्यावरून, पार उंचावरून, एक विमान गेले. गळ्यातला कॅमेरा सावरीत भाचा म्हणाला, "मामा, हा तिथून पडला तर?"

"तर काय, चुरा!" आजीने निकाल देऊन टाकला.

तुमचाही निकाल तोच ना? पण वाचकहो, जरा थांबा.

पडणाऱ्या वस्तूचा वेग वाढत जातो, हे आपण शाळेत शिकलो. हवा तिला अडवते, हे मात्र विसरलो. वेग वाढतो तसा हवेचा विरोधही वाढतो. तो वजनाइतका झाला की वेग वाढायचा थांबतो. पाऊण किलोच्या कॅमेऱ्याच्या बाबतीत हे ताशी सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास घडते. तेवढ्याला दोनशे मीटरांचे पडणे पुरते. मग तो २०० मीटरांवरून पडो की १० किलोमीटरांवरून, जमिनीवर आदळताना वेग जवळजवळ तोच!

आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारची गोष्ट वेगळी. तिथे आलेल्या अशनीचा वेग सेकंदाला कित्येक किलोमीटर. हवेला तो आवरला नाही आणि काळ्या पाषाणात सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे विवर पडले.

तेव्हा खरा प्रश्न उंचीचा नाही. कॅमेरा पडतो कुठे, हा आहे. फरशीवर त्याला सेंटीमीटरभरात थांबावे लागेल. पावसाने भिजलेल्या काळ्या रानात तो वीस सेंटीमीटर रुतला, तर धक्का विसाव्या हिश्श्यावर येईल.

ही नुसती कल्पना नव्हे. ५ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेत पोर्टलंडजवळ एका प्रवासी विमानाच्या भिंतीचा तुकडा उडाला. सुमारे १६,००० फुटांवरून एक मोबाईल खाली गेला. तो रस्त्याकडेच्या झुडपाखाली सापडला, तोही चालू स्थितीत!

भिंग कदाचित फुटेल. पण चित्रे साठवणारे कार्ड चार-दोन ग्रॅमांचे, त्यात हलणारा भाग एकही नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी 'कोलंबिया' यान आकाशातच फुटले. कल्पना चावलांसह सातही अंतराळवीर गेले. पण अवशेषांत एक अर्धवट जळालेली फीत मिळाली. अपघातापूर्वी यानात हसतबोलत काम करणाऱ्या त्या माणसांचे तेरा मिनिटांचे चित्रण तिच्यावर शाबूत होते.

भाचा गप्प झाला. मग त्याने कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला गुंडाळला आणि म्हणाला, "आजी, इकडे बघ!"