इंजिन ऑइल कधी बदलावे? किलोमीटर, तास आणि माजिवड्याचा नाका

मोटारीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत इंजिन ऑइल बदलण्याची मुदत अंतर आणि काळ अशा दोन मापांत दिलेली असते. आजच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांसाठी ती १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी भरेल ते, अशी आहे. अंतर हे माप निवडले जाण्याचे कारण साधे आहे: अंतरमापक प्रत्येक गाडीत असतो आणि तो चालकाच्या सतत डोळ्यांसमोर असतो. तेलाची झीज मात्र ज्वलनाच्या प्रमाणात होते, आणि सारखेच अंतर कापताना सारखेच इंधन जळते असे गृहीत धरले तरच हे माप खरे ठरते.

सिलिंडरमध्ये जळालेल्या वायूंचा थोडा अंश पिस्टनच्या रिंगांमधून निसटून खाली, गॅरेजमध्ये ज्याला ‘चेंबर’ म्हणतात त्या तेलाच्या टाकीत उतरतो. या गळतीला ‘ब्लो-बाय’ असे नाव आहे. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते, आणि त्या वाफेतला काही भाग, न जळलेले इंधन, काजळी व आम्ले बनवणारी ऑक्साइडे यांसह तेलात मिसळतो. आम्लांचा बंदोबस्त करण्यासाठी उत्पादक तेलात क्षारधर्मी द्रव्ये घालतात. त्यांचा शिल्लक साठा ‘बेस नंबर’ या मापाने सांगितला जातो, आणि हा साठा संपत आला की तेल दिसायला बरे असले तरी धातूचे रक्षण करण्याची त्याची क्षमता घटलेली असते. इंजिन पुरेसे तापले तर वाफ व इंधन उडून जातात, पण घरापासून बाजारापर्यंतच्या दोन किलोमीटरच्या फेरीत तेल तेवढे तापतच नाही.

अनेक जुन्या मेकॅनिकांच्या तोंडी आजही असलेला पाच हजार किलोमीटरचा नियम एका वेगळ्या काळातला आहे. तेव्हाच्या इंधनात गंधक पुष्कळ असे आणि त्यापासून बनणारी आम्ले क्षारांचा साठा झपाट्याने संपवत. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मानकाने इंधनातील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आणली. शिवाय संश्लेषित तेले उष्णतेने लवकर विटत नाहीत. त्यामुळे मुदत वाढवण्यामागे कंपन्यांची केवळ जाहिरातबाजी आहे, हा संशय रास्त नाही.

तरीही ठाण्यातील माजिवड्याच्या नाक्यावर रोज अडकणाऱ्या गाडीला ही वाढीव मुदत जशीच्या तशी लागू करणे धाडसाचे आहे. मुंबईहून येणारा पूर्व द्रुतगती महामार्ग येथे नाशिककडे वळतो, घोडबंदर रस्ता येथूनच फुटतो, आणि मेट्रोच्या कामांनी शेजारच्या कापूरबावडीपर्यंतचा रस्ता वर्षानुवर्षे आवळून धरला आहे. सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर असेल तर १०,००० किलोमीटरसाठी इंजिन २५० तास चालते. वेग १५ वर आला तर तेच अंतर कापायला ६६० हून अधिक तास लागतात, आणि अंतरमापकाला हा फरक कळत नाही. त्याच रस्त्यावर खणणाऱ्या जेसीबीसारख्या यंत्रांना म्हणूनच तासमापक बसवलेला असतो आणि त्यांचे ऑइल सहसा २५० किंवा ५०० तासांच्या हिशेबाने बदलले जाते.

मात्र तासांचा हिशेबही थोडा भडकच आहे, कारण उभ्या गाडीच्या इंजिनावर भार कमी असतो. त्याहून न्याय्य माप जळालेल्या इंधनाचे: लिटरला १८ किलोमीटर देणारी गाडी १०,००० किलोमीटरांत सुमारे ५५५ लिटर पेट्रोल जाळते, तर कोंडीत तीच १२ वर आली की सुमारे ८३३ लिटर, म्हणजे दीडपट. या हिशेबाने घोडबंदर रस्त्यावर रोज ये-जा करणाऱ्या पेट्रोल गाडीसाठी साडेसहा ते सात हजार किलोमीटर ही समंजस मुदत ठरते. सरासरी वेग आणि सरासरी मायलेज हे दोन्ही आकडे हल्ली बऱ्याच गाड्यांच्या पडद्यावर दिसतात, त्यामुळे हे गणित कोणालाही करता येईल. पुस्तिकेतही ‘खडतर वापर’ या शीर्षकाखाली थांबत-थांबत चालणारी वाहतूक, धूळ आणि आखूड फेऱ्या यांसाठी आखूड मुदत बहुधा दिलेली असते. दुर्दैवाने ते पान फारसे कोणी उघडत नाही.

अंदाजाऐवजी तपासणीचा मार्ग रेल्वेने फार पूर्वी चोखाळला. १९४० च्या दशकात अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रांडे वेस्टर्न या रेल्वेने वापरलेल्या तेलाचे वर्णपट-विश्लेषण सुरू केले, म्हणजे तेल जाळून त्याच्या प्रकाशावरून त्यात कोणता धातू किती आहे हे ओळखले. भारतीय रेल्वेच्या डिझेल लोको शेडमध्येही ही पद्धत रुळली आहे, आणि असे एक शेड जवळच कल्याणला आहे. तेलात तांबे वाढले तर बेअरिंग झिजल्याचा संशय येतो, सिलिकॉन वाढले तर हवेच्या फिल्टरमधून धूळ शिरत असल्याचा. चार लिटर तेलाच्या मोटारीला हा खर्च परवडण्याजोगा नाही, त्यामुळे मोटारमालक रंगावर विसंबतो, आणि तेथेच फसतो. डिझेल इंजिनात काजळी धरून ठेवणे हे तेलाचे कामच असल्याने ते लवकर काळे पडते. उलट सीएनजीवर काजळी जवळजवळ नसल्याने तेल बराच काळ स्वच्छ दिसते, पण वायूच्या ज्वलनात पाणी अधिक तयार होते आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांमुळे ते आतून विटत राहते.

रंगापेक्षा डिपस्टिकवरची पातळी अधिक खरे बोलते, विशेषतः बीएस-६ डिझेल गाड्यांत. या गाड्यांच्या धूरनळीतील गाळणीत साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी इंजिन अधूनमधून जादा डिझेल सोडते. कोंडीत किंवा गाडी मध्येच बंद केल्याने ही प्रक्रिया वारंवार तुटली तर काही डिझेल तेलात उतरते आणि पातळी चक्क वाढते. वाढलेली पातळी ही ऑइल तातडीने बदलण्याची खूण आहे, किलोमीटर कितीही झालेले असोत. पावसाळ्यात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचे तेल दुधाळ दिसले तर इंजिन सुरूच करू नये.

वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीसाठी वर्षाची मुदत पाळावी, कारण तिच्या आखूड फेऱ्यांत ओलावा आणि आम्ले साचत जातात. दर तीन महिन्यांनी ऑइल बदलण्याचा अतिउत्साह मात्र टाळावा. काढलेले तेल कायद्याने घातक कचरा आहे, ते गटारात ओतल्यास ठाण्याच्या खाडीत पोहोचू शकते, आणि ज्या गॅरेजमध्ये ते पिंपात साठवून नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकाराला दिले जाते, तेथेच हे काम करून घेणे योग्य.